जैसलमेर: वाळवंटातली संध्याकाळ, उंट, जेवण आणि रात्रीचा कार्यक्रम (सम की खुरी?)

कोरडवाहू

दिवाळी झाली की राजस्थानचे बेत शिजायला लागतात. "वाळवंटात एक रात्र काढायची का, आणि काढायची तर कुठे?" असं विचारणारे निरोप आलेत, म्हणून सगळ्यांसाठी एकत्रच लिहितो. निकाल आधीच सांगून टाकतो: काढा. फक्त रात्रीच्या कार्यक्रमाला मागच्या खुर्चीत मोबाईल चाळत बसू नका.

जैसलमेरच्या पश्चिमेला साधारण ४० किलोमीटरवर सम आणि नैर्ऋत्येला थोड्याफार तेवढ्याच अंतरावर खुरी. समला रस्त्याच्या दोन्ही अंगांना तंबूंच्या वसाहती एकीला लागून एक अशा पसरल्या आहेत. वाळूच्या टेकड्या (तिकडे धोरे म्हणतात) उंच आणि देखण्या, पण सूर्यास्ताला तिथे जत्रा असते. जीप, उंटगाड्या, चहावाले, फेटा बांधून फोटो काढून देणारे, आणि मध्येच एखादा म्हातारा "केसरिया बालम" गात तुमच्यासमोर येऊन बसतो. खुरी हे मुळात गाव. मातीची घरं, गवती छपरं, आणि पाहुण्यांची सोय करणारी बरीचशी सोढा राजपुतांची घरं. धोरे लहान आहेत, पण तिथे स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो.

संध्याकाळचा साचा दोन्हीकडे एकच. दुपारी चारपर्यंत पोचायचं, दारात टिळा, ढोल, चहा-भजी. मग उंटावरून किंवा उंटगाडीतून धोऱ्यांवर. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत बुडतो, त्यामुळे "कुलधरा (वाटेवरचं ओसाड गाव) बघून निवांत जाऊ" असा विचार करणारे हमखास अंधारात पोचतात. कुलधरा सकाळी करा. परत आलं की शेकोटीभोवती गाणं-नाच, मग जेवण, मग तंबू.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. आमच्या तंबूवर गायक मंडळी पाच-सहा. पेटी, ढोलक, खडताल. तासाभरात लोकांनी एकामागून एक सिनेमाच्या फर्माईशी केल्या आणि त्यांनी त्या निमूटपणे वाजवल्या. बाबांनी उठून विचारलं, "मूमल गाता का?" पेटीवाल्याने मागे वळून एकाला हाक मारली. इतका वेळ कडेला बसलेल्या एका वयस्कर माणसाने गवसणीतून कमायचा (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) काढला. पुढची वीस-पंचवीस मिनिटं जे झालं ते सिनेमाच्या गाण्यांशी कुठल्याच अर्थाने जुळणारं नव्हतं. गंमत म्हणजे आधी नाचणारी पोरंसोरंही खाली बसली.

तर माझं म्हणणं एवढंच: त्या लोकांकडे माल आहे, मागणारं गिऱ्हाईक नाही. जाण्याआधी दोन-चार गाण्यांची नावं लिहून न्या. मूमल, केसरिया बालम, एखादा बधावा (शुभप्रसंगाचं गाणं), एखादं हालरियो (बाळाचं गाणं).

मूमलची गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात: अमरकोटचा सोढा राजपूत महेंद्र रोज रात्री चीकल नावाच्या वेगवान उंटावर बसून लोद्रव्याला मूमलकडे यायचा आणि पहाटेच्या आत परतायचा. पुढे गैरसमज, ताटातूट, मरण. अमरकोट आता पाकिस्तानात. लोद्रवा मात्र जैसलमेरहून पंधराएक किलोमीटरवर आहे, तिथलं जैन मंदिर बघायला सगळे जातात आणि मूमलची मेडी (महाल) म्हणून दाखवतात ते दगडांचे ढीग न बघता परततात. ११५६ साली रावळ जैसलने जैसलमेर वसवलं, त्याआधी भाटींची राजधानी हे लोद्रवाच होतं.

---

निशिगंधा

छान लिहिलंय. आम्ही जानेवारीत जातोय. सोबत सासूबाई, वय ६८, गुडघेदुखी. त्यांना उंटावर बसायचंच आहे, आणि मला धडकी भरलीये. बसवू का?

---

कोरडवाहू

@निशिगंधा, काकूंना उंटगाडीत बसवा. गाडीला रबरी टायर आणि वर गादी असते, चार-पाच जण मावतात, त्याच धोऱ्यावर जाते.

तरीही हट्ट असेलच, तर हे सांगून ठेवा. उंट उठताना मागचे पाय आधी सरळ करतो, म्हणजे स्वार एकदम पुढे फेकला जातो, आणि मग पुढचे पाय उचलले की मागे. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हा पुन्हा पुढेच. म्हणून उठताना पहिला हिसका बसायच्या आधी आणि बसतानाही अंग मागे रेलायचं, आणि खोगिराची पुढची खुंटी दोन्ही हातांनी घट्ट धरायची. पडापड होते ती याच दोन वेळी, चालताना सहसा नाही. दोघांनी बसायचं असेल तर घाबरणाऱ्याला पुढे बसवा. आणि साडी नको. खोगीर लाकडी असतं, वर गोधडी टाकली तरी मांड्यांना काचतं.

---

झणझणीत_वऱ्हाडी

जेवणावर दोन ओळीसुद्धा नाहीत? निषेध!

मी लिहितो. तंबूंवर दाल-बाटी-चूरमा, गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, बाजरीचा सोगरा, कढी, लसणाची चटणी, पापड असं ठरलेलं ताट असतं. शिवाय पनीर आणि नूडल्स, कारण लहान मुलं. गावाकडे बाटी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात, ती आमच्या रोडग्यांची सख्खी बहीण. मोठ्या तंबूंवर दोनशे माणसांचं जेवण असतं, तिथे भट्टीत भाजलेली किंवा सरळ तळलेली येते. फरक फोडल्यावर कळतो: निखाऱ्यातली आतून भुसभुशीत असते आणि तूप पिते, तळलेली तूप अंगावर घेऊन बसते. खानदेशी मंडळी वरण-बट्टीचा दाखला देतील, द्या, पण बट्टी वाफवून तळतात, तिचं घराणं वेगळं.

खरी चीज केर-सांगरी. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला जिची पूजा करतो तिच्या शेंगांची भाजी होते हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. शेंगा आणि केराची फळं उन्हात वाळवून ठेवायची, रात्रभर भिजवायची, मग तेलात सुक्या मिरच्या आणि आमचूर घालून परतायची. पाणी जवळपास नाही, त्यामुळे प्रवासात दोन-तीन दिवस सहज टिकते. गट्टेही त्याच हिशोबातले: हिरवी भाजी मिळायची नाही, मग बेसनाचीच भाजी. पाणी कमी, ताक-दूध-तूप जास्त, हा त्या सगळ्या स्वयंपाकाचा पाया आहे. बुफेत केर-सांगरी कोपऱ्यातल्या छोट्या भांड्यात असते आणि पनीरची रांग लागते. कोपऱ्यात जा.

बाजारातून नेणार असाल तर सांगरी बारीक आणि काळसर-तपकिरी बघून घ्या. जाड, पिवळट शेंगा जून असतात, शिजत नाहीत. आणि हो, महाग असते. भाव ऐकून दचकू नका.

---

कपाळावर_आठी

सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालतो, सवय आहे.

ही 'सांस्कृतिक संध्याकाळ' म्हणजे शंभर टक्के बनवलेला देखावा आहे. प्रवेशद्वारावर टिळा लावणारी मुलगी पगारी, ढोलवाला पगारी. डोक्यावर माठ घेऊन काचांवर नाचणं, तोंडातून आग काढणं हे कुठल्या घरी रोज संध्याकाळी होत होतं? आम्ही समला ज्या तंबूवर होतो (नाव लिहीत नाही) तिथे साडेनऊला लोकगायकांना उठवून डीजे लावला, तो मध्यरात्र उलटली तरी चालू. भर वाळवंटात जाऊन पंजाबी पॉप ऐकायला मी पैसे भरले होते का? त्यापेक्षा शहरात गडीसर तलावाच्या काठावर बसावं, किल्ला बघावा, परत यावं.

---

सूरपेटी

@कपाळावर_आठी, डीजेबद्दल शंभर टक्के सहमत. 'बनवलेला देखावा' याबद्दल मात्र थोडं थांबा.

तिथे गाणारे बहुतेक मांगणियार असतात, काही ठिकाणी लंगा. दोन्ही पिढीजात गाणाऱ्या मुसलमान जाती. मांगणियारांचे यजमान मुख्यतः हिंदू, विशेषतः राजपूत. लंगांचे सिंधी सिपाही मुसलमान. यजमानाच्या घरी मूल जन्मलं, लग्न ठरलं की मांगणियार जाणार, त्याच्या कुळाची नावं घेऊन शुभराज म्हणणार, त्या त्या प्रसंगाची गाणी गाणार, आणि त्याबदली धान्य, जनावर, पैसा घेणार. कृष्णाची, देवीची, रामदेवजींची गाणीही तेच गातात. म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्याच्या अंगणात गाणं हाच त्यांचा मूळ व्यवसाय. पगारी आहेत म्हणून खोटे, असं म्हणाल तर शेकडो वर्षं खोटेच आहेत.

बदललं ते ऐकणाऱ्याचं. जुन्या यजमानाला आपल्या आजोबांचं नाव कुठल्या ओळीत यायला हवं ते ठाऊक असायचं, चुकलं तर तो टोकायचा. आपण टोकत नाही, कारण आपल्याला काहीच माहीत नसतं. आपल्याकडे संगीतबारीत बसलेला शौकीन आणि सहलीत एका रात्रीपुरता शिरलेला माणूस यांच्या दौलतजाद्यात जो फरक, तोच इथे. एक नेमकी लावणी मागतो, दुसरा "कुछ भी चलेगा" म्हणतो.

कमायचाबद्दल: आंब्याच्या लाकडाचा मोठा गोल भोपळा, त्यावर बकऱ्याचं कातडं, मुख्य तारा तातीच्या (आतड्याच्या), आणि लांब गज. सारंगीपेक्षा खोल, घोगरा आवाज. तो मांगणियारांचा, सिंधी सारंगी लंगांची. तंबूवर कमायचा का दिसत नाही? जड आहे, हवामानाने सारखा उतरतो, दर थोड्या वेळाने जुळवावा लागतो. पेटी कशी, उघडली की तयार. शिवाय तरुण मुलं तो शिकायला नाखूश. हमीरा गावचे साकर खान या वाद्याचे मोठे उस्ताद. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पुढच्याच वर्षी गेले. आणि हे सगळे कलावंत गावाबाहेर कुणाला माहीत झाले ते कोमल कोठारींमुळे. बोरुंद्याच्या रूपायन संस्थेतून त्यांनी विजयदान देथांच्या साथीने गाणी आणि कथा गोळा केल्या, या मंडळींना परदेशातल्या मंचांवर नेलं.

कालबेलियांचं थोडं निराळं. ते गारुडी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर साप बाळगणं बंद झालं, टोपली गेली, पुंगी आणि नाच उरला. २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत त्यांची गाणी आणि नाच आले. काळ्या घागऱ्यातली ती बाई कमरेतून मागे वाकून डोळ्याच्या पापणीने नोट उचलते तेव्हा लोक शिट्ट्या मारतात. तंबूवर नाच बघाल तेव्हा तिच्या मागे पुंगी वाजवणाऱ्याकडेही एकदा बघा.

---

कपाळावर_आठी

@सूरपेटी, प्रतिसाद आवडला, मुद्दा अर्धाच पटला. जुना यजमान वर्षभर बांधील होता. मांगणियाराच्या घरी लग्न निघालं तर मदत करायचा. तंबूवाला हंगाम संपला की ओळख देत नाही. ऑक्टोबर ते मार्च गाणं, मग काय? नातं गेलं आणि फक्त गिऱ्हाइकी राहिली, हा देखावाच झाला की.

---

सूरपेटी

हे मान्य. याला माझ्याकडे उत्तर नाही.

---

माळरान (सोलापूर)

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. सम आणि खुरी हा सगळा पट्टा डेझर्ट नॅशनल पार्कला लागून किंवा त्याच्या आतच आहे. पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं. माळढोक, म्हणजे तिकडचा गोडावण, राजस्थानचा राज्यपक्षी, आता देशात जे काही शे-दीडशे उरलेत त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. आमच्या नान्नजला माळढोकासाठीच अभयारण्य केलं होतं, आता तिथे एखादा दिसला तरी बातमी होते. म्हणून पोटतिडकीने सांगतोय.

रात्रीचा डीजे, जीपचे दिवे, कुठल्याही दिशेने उधळणाऱ्या चार चाकांच्या मोटरसायकली यांचा त्रास जमिनीवर अंडं घालणाऱ्या पक्ष्याला होतो. उच्चदाबाच्या तारांना धडकून मरतात ते निराळंच. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला कायद्यानेच बंदी आहे, तेव्हा तक्रार करायला लाजू नका. आणि समला जाताच आहात तर सकाळी लवकर उठून सुदासरीला जा. कुंपण घातलेला गवताळ भाग आहे, वनखात्याची परवानगी लागते. माळढोक दिसेलच असं नाही. चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि गिधाडं बहुधा दिसतात. वाळवंट म्हणजे नुसती वाळू ही समजूत तिथे जाते. थरचा बराचसा भाग सेवण गवताचा माळ आहे. धोऱ्यांचे फोटो चांगले येतात म्हणून तेच छापले जातात.

---

उंटावरचा_शहाणा

माझं टोपणनाव बघता या धाग्यावर न येणं गुन्हा ठरला असता.

पेशाने पशुवैद्य आहे, म्हणून उंटाची बाजू मांडतो. हिवाळ्यात जाल तेव्हा एखादा नर उंट गुरगुरताना, तोंडाला फेस आणताना आणि ओठाच्या कडेने लाल-गुलाबी फुगा बाहेर काढताना दिसेल. पर्यटक किंचाळतात, "याची जीभ बाहेर आली, आजारी आहे!" आजारी नाही, माजावर आहे. तो मऊ टाळूचा भाग असतो, हवा भरून बाहेर काढतो. या दिवसांत नर चावरे असतात, त्यामुळे तोंडाशी जाऊन सेल्फी काढू नका. मुलांना तर मुळीच पाठवू नका.

उंट निवडताना तीन गोष्टी बघा. नाकातल्या खुंटीभोवती जखम किंवा पू आहे का, खोगिराखाली कातडं सोललंय का, आणि मदार टवटवीत आहे की एका बाजूला लोळलीये. मदारीत पाणी नसतं, चरबी असते. ती ढिली पडली म्हणजे जनावर उपाशी आहे किंवा राबवलं जातंय. जखम दिसली तर दुसरा उंट मागा आणि कारण मोठ्याने सांगा. चार जणांनी सांगितलं की मालक औषध लावतो.

"उंटावर बसणं क्रूरपणा आहे का?" हा प्रश्न इथे येणारच, म्हणून आधीच उत्तर देतो. २०१२ च्या पशुगणनेत देशात साधारण ४ लाख उंट होते, २०१९ मध्ये २.५२ लाख. राजस्थानात ३.२६ लाखांचे २.१३ लाख झाले. ट्रॅक्टर आला, नांगरणी गेली, गाडी गेली, चराऊ कुरणं गेली. २०१४ मध्ये राजस्थानने उंटाला राज्यपशू केलं आणि २०१५ मध्ये कायदा करून कत्तल आणि राज्याबाहेर नेणं यांवर बंधनं घातली. हेतू चांगला, पण बाहेरचं गिऱ्हाईक तुटलं आणि जत्रेतले भाव कोसळले. मग राईका-रेबारी लोकांनी पाळायचा कशासाठी? आज जैसलमेरी उंटाला जी थोडी किंमत आहे ती सवारीमुळे आणि सीमा सुरक्षा दलामुळे. सडपातळ, लांब पायांचा, पळणारा वाण आहे तो. पेशवाईत डाक नेणारे सांडणीस्वार अशाच चपळ जनावरांवर असायचे. (अवांतर: पानिपतावर अब्दालीच्या जंबुरका, म्हणजे छोट्या तोफा, उंटांच्या पाठीवर होत्या, त्या आठवणीने उंटावर राग धरू नये.)

म्हणून: बसा, पण एका उंटावर दोन धडधाकट माणसं आणि मांडीवर मूल असं करू नका. आणि मालकाला टीप थेट हातात द्या. तंबूच्या पॅकेजमधून त्याच्यापर्यंत फार थोडं पोचतं.

---

वाळूतला_कोकणी (दुबई)

इथली डेझर्ट सफारी केलेल्यांसाठी तुलना. इकडे आधी गाडीतून वाळूवर अर्धा तास उसळ्या (जेवून जाऊ नका), मग तंबूत मेंदी, ससाणा हातावर घेऊन फोटो, उंटावर पाच मिनिटं, बार्बेक्यू आणि नाच. फिरकी घेत नाचतो तो तनूरा इजिप्तचा, बेली डान्स अमिरातीचा नाहीच. म्हणजे स्थानिक अरबाचं त्यात काय, तर खजूर, कॉफी आणि जमीन. जेवण देणारा केरळी, गाडी चालवणारा पेशावरचा, बघणारे आपण.

त्या मानाने जैसलमेरला गाणारा त्याच मातीतला असतो, हे आम्हाला गेल्या डिसेंबरात आईबाबांना घेऊन गेलो तेव्हा जाणवलं. @कपाळावर_आठी, खरा देखावा बघायचा असेल तर इकडे या, राहायची सोय माझ्याकडे :)

---

फिरस्ती_मी

कच्छचा रणोत्सव आणि हे, दोन्हींतून एक करायचं तर?

---

कोरडवाहू

@फिरस्ती_मी, दोन्हींची तुलनाच होत नाही. रणोत्सव होतो त्या धोरडोला मिठाचं पांढरं सपाट रण आहे, वाळूच्या टेकड्या नाहीत. पौर्णिमेला रण, अमावस्येच्या आसपास जैसलमेर (तारे दिसतात) असं मी करेन. माघी पौर्णिमेला जैसलमेरचा मरु महोत्सव असतो, शेवटचा दिवस समला. नामवंत गायक ऐकायला मिळतात, पण गर्दीची तयारी ठेवा आणि राहायचं आधी बघा.

@माळरान, @उंटावरचा_शहाणा, तुमचे प्रतिसाद मूळ लेखापेक्षा उपयोगी आहेत. आरक्षण करताना तंबूवाल्याला फोनवर विचारायचे प्रश्न आता असे झालेत: डीजे आहे का, आणि किती वाजता बंद होतो? गाणारे कोण, कमायचा वाजवणारा येतो का? उंट धोऱ्यावर किती वेळ नेतो, की दारातून फाट्यापर्यंत दहा मिनिटं फिरवून आणतो? बाटी भाजलेली की तळलेली? पहिल्या प्रश्नाला "सर, फुल एंजॉयमेंट" असं उत्तर आलं तर फोन ठेवा.

---

निशिगंधा

या धाग्यामुळे समचं रद्द करून खुरीला एका घरी ठरवलं. फोनवर चारही प्रश्न विचारले. डीजे नाही. बाटी चुलीवर. गाणारे बोलवावे लागतात, वेगळे पैसे. कमायचावाले शेजारच्या गावात आहेत, दोन दिवस आधी कळवा म्हणाले. सासूबाईंनी मात्र उंटगाडी साफ नाकारली आहे. "गाडीत बसायला मला जैसलमेरला कशाला नेता?" असं त्यांचं म्हणणं.

थंडी किती असेल? तंबू नसून मातीची खोली आहे.

---

झणझणीत_वऱ्हाडी

@निशिगंधा, जानेवारीत पहाटे पारा पाच-सहावर येतो. मातीची खोली तंबूपेक्षा ऊबदार असते, तरी कानटोपी आणि पायमोजे घ्या, रजया तिथे जाड मिळतात. काकूंना घट्ट सलवार किंवा पँट घाला. आणि चूरमा आधी संपवू नका, बाटी-डाळीबरोबर घास-घास खायचा असतो.

---

उंटावरचा_शहाणा

@निशिगंधा, काकूंसाठी म्हातारी, शांत सांडणी मागा, नर नको. मालक स्वतः दोरी धरून चालेल असं ठरवा, आणि बसायला-उतरायला वाळूचा उंचवटा बघून उंट बसवायला सांगा, गुडघ्यांना सोपं जातं.